सूक्ष्मलहरींमुळे जैवतंत्रज्ञानातील अभिक्रियांना मिळणारा वेग: निव्वळ उष्णता की आणखी काही?

धागाकर्ता: अर्धवट_जैविक

प्रथिनांचे ट्रिप्सिन या प्रथिने कापणाऱ्या एन्झाइमने पचन करून त्यांचे तुकडे वस्तुमान वर्णपटमापकावर (मास स्पेक्ट्रोमीटरवर) पाहण्याचे काम माझ्या अभ्यासाचा भाग आहे. रूढ पद्धतीत हे पचन ३७ अंश सेल्सिअसला रात्रभर चालते. मायक्रोवेव्ह (सूक्ष्मलहरी) उपकरण वापरल्यास तेच काम दहा-पंधरा मिनिटांत उरकते असे अनेक शोधनिबंध सांगतात. पेप्टाइडांचे (अमिनो आम्लांच्या साखळ्यांचे) संश्लेषण, ऊतींचे रंजन, प्रथिनांचे आम्लीय जलविघटन अशा अनेक ठिकाणी हीच गोष्ट वाचायला मिळते.

माझा गोंधळ कारणाविषयी आहे. काही लेखक सरळ ‘जलद तापवणे’ एवढेच म्हणतात. काही मात्र विद्युतक्षेत्र रेणूंना थेट काहीतरी करते, सक्रियण ऊर्जा (अभिक्रिया सुरू होण्यासाठी ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा) कमी होते, एन्झाइमची रचना अनुकूल होते, असे दावे करतात. हे दोन्ही गट एकाच प्रकारचे आकडे दाखवतात. प्रत्यक्ष काम केलेल्या किंवा हा विषय शिकवणाऱ्या सदस्यांनी कृपया सविस्तर लिहावे. यंत्र कोणते घ्यावे हा प्रश्न नाही. दाव्यांची पारख कशी करावी, हा आहे.

लहरी_अभ्यासक

प्रश्न योग्य जागी विचारला आहे. सुरुवात ऊर्जेच्या हिशेबापासून करावी, कारण निम्मा गोंधळ तेथेच मिटतो.

प्रयोगशाळेतील जवळजवळ सर्व मायक्रोवेव्ह उपकरणे २.४५ गिगाहर्ट्झ वारंवारतेवर चालतात. हवेतील तरंगलांबी सुमारे १२.२ सेंटिमीटर. या वारंवारतेच्या एका फोटॉनची ऊर्जा साधारण ०.००००१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे एका मोलमागे जेमतेम १ ज्यूल भरते. खोलीच्या तापमानाला रेणूंची जी औष्णिक धडपड चालू असते, तिचे प्रमाण मोलमागे सुमारे २,५०० ज्यूल आहे. पाण्यातील हायड्रोजन बंध तोडायला मोलमागे सुमारे २० किलोज्यूल लागतात आणि कार्बन-कार्बन बंधाला ३४० किलोज्यूलांहून अधिक. तेव्हा सूक्ष्मलहरी ‘बंध तोडतात’ किंवा ‘बंध सैल करतात’ ही विधाने फोटॉनच्या पातळीवर टिकत नाहीत. अतिनील किरणांनी डीएनएला जसा थेट धक्का बसतो, तसा येथे बसण्याचा प्रश्नच नाही.

मग तापते कसे? दोन वाटा आहेत. पहिली द्विध्रुवांची: पाणी, अल्कोहोल, डायमेथिलफॉर्मामाइड असे ध्रुवीय रेणू दर सेकंदाला अब्जावधी वेळा दिशा बदलणाऱ्या क्षेत्राबरोबर वळू पाहतात, शेजारच्या रेणूंमुळे मागे पडतात, आणि या मागे पडण्यातून क्षेत्राची ऊर्जा उष्णतेत जाते. दुसरी वाट आयनांची: द्रावणातील सोडियम, क्लोराइड, फॉस्फेट यांसारखे आयन क्षेत्रासोबत पुढेमागे सरकतात आणि टकरांमधून ऊर्जा गमावतात. जैविक बफर क्षारयुक्त असल्यामुळे आपल्या कामात ही दुसरी वाट बरीच महत्त्वाची ठरते, आणि तरीही तिच्याकडे दुर्लक्ष होते.

पाण्याचा ‘अनुनाद’ २.४५ गिगाहर्ट्झला असतो हा समज चुकीचा आहे. द्रवरूप पाण्याचे शोषण २५ अंशांना २० गिगाहर्ट्झच्या आसपास कमाल असते. त्या कमाल बिंदूवर यंत्र चालवले असते तर सगळी ऊर्जा वरच्या पातळ थरातच संपली असती.

कोणता द्रावक किती तापेल, हे त्याच्या हानिगुणांकावरून, म्हणजे टॅन डेल्टावरून कळते. २.४५ गिगाहर्ट्झ आणि २० अंशांना इथिलीन ग्लायकॉलसाठी तो १.३५, इथेनॉलसाठी ०.९४, डायमेथिल सल्फॉक्साइडसाठी ०.८२, डायमेथिलफॉर्मामाइडसाठी ०.१६, पाण्यासाठी ०.१२, टोल्युइनसाठी ०.०४ आणि हेक्झेनसाठी ०.०२ आहे. पाणी या यादीत मधल्या जागी आहे, हे पाहून अनेकांना आश्चर्य वाटते.

रेणुबंध

वरील प्रतिसादाला रसायनशास्त्राच्या बाजूने थोडी पुस्ती जोडतो.

रेथिऑन कंपनीतील पर्सी स्पेन्सर यांनी १९४५ मध्ये मायक्रोवेव्हने अन्न तापवण्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. रसायनशाळेत ही पेटी बऱ्याच उशिरा आली, आणि गंमत अशी की ती जैविक नमुन्यांच्या निमित्ताने आली: १९७५ मध्ये अबू-सामरा आणि सहकाऱ्यांनी जैविक नमुने आम्लात विरघळवून त्यांतील धातू मोजण्यासाठी मायक्रोवेव्ह ओव्हन वापरल्याचे प्रसिद्ध केले. सेंद्रिय संश्लेषणातील पहिले दोन गाजलेले निबंध १९८६ चे आहेत, एक गेडाय यांच्या गटाचा आणि दुसरा गिगेरे व माजेटिच यांचा. गेडाय यांच्या निबंधातील एका अभिक्रियेचा वेग बाराशे पटींहून अधिक वाढल्याची नोंद होती, आणि पुढची अनेक वर्षे हा आकडा एखाद्या चमत्काराप्रमाणे उद्धृत होत राहिला.

त्या आकड्यामागे जादू नव्हती. अभिक्रिया बंद टेफ्लॉन पात्रात केली होती. दाब वाढला, द्रावक नेहमीच्या उत्कलनबिंदूच्या कितीतरी वर गेला, आणि तापमानाबरोबर वेग कसा वाढतो हे सांगणाऱ्या अऱ्हेनियसच्या समीकरणाने आपले काम केले. दर १० अंशांना वेग दुप्पट हा ढोबळ नियम लावला, तर ८० अंशांना आठ तास लागणारी अभिक्रिया १६० अंशांना दोन मिनिटांच्या आत संपते: आठ वेळा दुप्पट म्हणजे २५६ पट, आणि ४८० मिनिटे भागिले २५६ म्हणजे १.९ मिनिटे. हा नियम सरसकट लागू पडत नाही. १२० अंशांच्या आसपास वेग दुप्पट होण्यासाठी सक्रियण ऊर्जा मोलमागे सुमारे ९० किलोज्यूल असावी लागते, तर खोलीच्या तापमानाला साधारण ५३ किलोज्यूल पुरते. तरीही शेकडो पटींच्या वाढीचे स्पष्टीकरण तापमानातच सापडते, एवढे यावरून दिसते.

शंकेखोर

असे असेल तर बंद पात्र तेलाच्या तापलेल्या कुंडात का बुडवू नये? त्यासाठी एवढे महागडे उपकरण कशाला?

रेणुबंध

@शंकेखोर, बुडवता येते, आणि पुष्कळ वेळा तेच करावे. फरक तीन बाबतींत पडतो. काचेच्या भिंतीतून उष्णता आत झिरपण्याची वाट पाहावी लागत नाही, म्हणून दोन-पाच मिलिलिटर द्रावण मिनिटभरात १५० अंशांवर जाते. भिंत आतल्या द्रवापेक्षा अधिक तापलेली नसल्यामुळे भिंतीलगतचा माल करपत नाही. आणि संगणकनियंत्रित उपकरणात तापमान, दाब व शक्ती यांची नोंद आपोआप होते, दाब वाढला तर यंत्र स्वतः थांबते. यांतले शेवटचे कारण सर्वांत कमी बोलले जाते, पण माझ्या मते प्रयोगशाळांनी ही उपकरणे स्वीकारली ती मुख्यतः या सोयीमुळे आणि सुरक्षिततेमुळे.

पेप्टाइडकार

जैवतंत्रज्ञानाच्या परिघात मायक्रोवेव्हचा सर्वांत पक्का पाय जेथे रोवला गेला आहे, ते क्षेत्र म्हणजे घन आधारावरील पेप्टाइड संश्लेषण. त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण धागाकर्त्याच्या ‘उष्णता की आणखी काही’ या प्रश्नाची येथे चांगली कसोटी लागली आहे.

मेरिफील्ड यांनी १९६३ मध्ये ही पद्धत मांडली आणि १९८४ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले. रेझिनच्या बारीक मण्यांवर साखळी एकेक अमिनो आम्लाने वाढत जाते, आणि प्रत्येक फेरीत दोन मुख्य पायऱ्या असतात: टोकावरचा संरक्षक गट काढणे आणि पुढचे अमिनो आम्ल जोडणे. प्रत्येक पायरी जवळजवळ पूर्ण झाली नाही तर तीस फेऱ्यांनंतर हाती मिश्रणच उरते. जोडणी ९९ टक्के झाली तरी तीस फेऱ्यांनंतर योग्य साखळ्या ७४ टक्के राहतात, आणि ९७ टक्के झाली तर ४० टक्के. म्हणून येथे वेगाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व पूर्णतेला आहे.

खोलीच्या तापमानाला एक जोडणी अर्धा ते एक तास घेते. १९९२ मध्ये तैवानमधील वांग यांच्या गटाने साध्या मायक्रोवेव्ह ओव्हनचा उपयोग करून जोडणी काही मिनिटांत होते असे दाखवले. आजच्या स्वयंचलित यंत्रांत फ्लुओरेनिलमेथॉक्सीकार्बोनिल, म्हणजे एफमॉक पद्धतीने ७५ ते ९० अंशांना जोडणी दोन ते पाच मिनिटांत उरकते आणि संरक्षक गट काढण्याची पायरी त्याहूनही लवकर.

अवघड साखळ्यांचा प्रश्न वेगळा आहे. वाढत्या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी बिलगून बीटा-पत्र्यांसारखे गठ्ठे करतात, आणि मग साखळीचे टोक आत दडून बसते. सुरुवातीला असे मांडले गेले की पेप्टाइडच्या कण्यातील द्विध्रुव बदलत्या क्षेत्राबरोबर सतत हलल्यामुळे हे गठ्ठे सुटतात, म्हणजे हा मायक्रोवेव्हचा खास परिणाम आहे. कल्पना आकर्षक होती. परंतु २००८ मध्ये काप्पे यांच्या ऑस्ट्रियातील ग्राझ येथील गटाने हंगेरीतील सहकाऱ्यांसोबत अवघड साखळ्या एकदा मायक्रोवेव्हने आणि एकदा नेहमीच्या तापवण्याने, अंतर्गत तापमान सारखे ठेवून तयार केल्या. शुद्धतेत लक्षणीय फरक आढळला नाही. गठ्ठे सुटतात ते ८०-९० अंशांमुळे. ते तापमान कोठून आले, याची साखळीला फिकीर नसते.

उष्णतेची किंमतही मोजावी लागते. सिस्टीन आणि हिस्टिडीन ही अमिनो आम्ले उच्च तापमानाला आपली त्रिमितीय दिशा गमावतात, म्हणून त्यांची जोडणी साधारण ५० अंशांनाच करतात. आर्जिनीनची पार्श्वशाखा स्वतःवरच वळून लॅक्टम वलय तयार करते आणि ते आम्ल जोडणीला उपलब्धच राहत नाही. यासाठी आधी खोलीच्या तापमानाला काही वेळ देऊन मग तापवणे किंवा तीच जोडणी दोनदा करणे हे उपाय केले जातात. अस्पार्टिक आम्लापाठोपाठ ग्लायसीन असेल तर पिपेरिडीन (संरक्षक गट काढणारे अल्कधर्मी संयुग) आणि उष्णता यांच्या संगतीने अस्पार्टिमाइड हे उपउत्पादन वाढते. तेथे पिपेरिडीनऐवजी पिपेराझीन वापरणे किंवा थोडे आम्लधर्मी संयुग मिसळणे हितावह ठरते. यंत्राबरोबर येणारी ‘सर्व जोडण्या ९० अंशांना’ ही ठरीव कृती डोळे मिटून चालवणारा माणूस पुढे शुद्धीकरणाच्या स्तंभासमोर दुप्पट वेळ घालवतो.

प्रथिनमापक

धागाकर्त्याच्या मूळ विषयाकडे, म्हणजे पचनाकडे वळतो.

पूर्ण जलविघटनाचे उदाहरण आधी घेऊ, कारण ते सोपे आहे. प्रथिनातील अमिनो आम्लांचे प्रमाण काढण्यासाठी ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंशांना २४ तास ठेवण्याची रीत आहे. मायक्रोवेव्हने बंद पात्रात १५० अंशांच्या आसपास हेच काम अर्ध्या तासाच्या आत होते. १९८७ पासून हे छापील स्वरूपात उपलब्ध आहे. रूढ पद्धतीचे दोष मात्र जसेच्या तसे राहतात: ट्रिप्टोफॅन नष्ट होते, सेरीन व थ्रिओनीन काही अंशी घटतात, अ‍ॅस्परॅजीन व ग्लुटामीन यांची त्यांच्या आम्लांत गणना होते, आणि व्हॅलीन-व्हॅलीनसारखे दाटीचे बंध उशिरा तुटतात. रसायनशास्त्र तेच आहे, फक्त वेगाने घडते आहे, याचा हा चांगला पुरावा म्हणता येईल.

ट्रिप्सिनचे प्रकरण नाजूक आहे, कारण येथे अभिक्रिया घडवणारे एन्झाइम स्वतःच उष्णतेने बिघडणारे आहे. प्रामाणिक नावाच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मायक्रोवेव्हने काही मिनिटांत पचन होते असे दाखवले आणि त्यानंतर अशा कृतींचा पूर आला. आता हा पूर बारकाईने पाहा. बहुतेक ठिकाणी ‘३७ अंश, रात्रभर’ या कृतीची तुलना ‘५० ते ६० अंश, दहा-पंधरा मिनिटे, मायक्रोवेव्ह’ या कृतीशी केलेली असते. या एका तुलनेत तापमान, वेळ आणि तापवण्याचे साधन, तिन्ही गोष्टी एकदम बदलल्या आहेत. शिवाय रात्रभराची कृती ही गरजेपोटी ठरलेली नसून सवयीने रुळलेली आहे. संध्याकाळी नमुने ठेवावेत आणि सकाळी काढावेत, हा तिचा खरा आधार. अनेक प्रथिनांचे पचन ३७ अंशांनाही पहिल्या काही तासांत बव्हंशी आटोपलेले असते.

उष्णतेचे दोन परिणाम येथे एकमेकांविरुद्ध काम करतात. ५० अंशांच्या पुढे घट्ट घडी असलेले प्रथिन सैल होते, लायसीन व आर्जिनीनपाशी ट्रिप्सिनला प्रवेश मिळतो आणि कापण्याचा वेग वाढतो. त्याच वेळी ट्रिप्सिन स्वतःलाही कापू लागते आणि त्याची घडीही मोडू लागते. त्यामुळे एन्झाइम मरण्यापूर्वी काम उरकून घेण्याची ही शर्यत आहे. कॅल्शियम आयन आणि मेथिलीकरण केलेले ट्रिप्सिन यांनी थोडी उसंत मिळते. २०१२ मध्ये ग्राझ येथील गटाने याच कृतींची काटेकोर पडताळणी केली. द्रावणातील तापमान आतून मोजून दोन्ही बाजूंना सारखे ठेवल्यावर मायक्रोवेव्हचा स्वतंत्र परिणाम त्यांना आढळला नाही.

अर्धवट_जैविक (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. एक अडचण मात्र उरते. २००८ मध्ये डायटर्स आणि केली यांच्या गटांनी अतिउष्णताप्रिय सूक्ष्मजीवांच्या एन्झाइमांवर काम केले होते. पायरोकॉकस फ्युरिओसस या जीवाचे बीटा-ग्लुकोसिडेज १०० अंशांच्या आसपास उत्तम चालते आणि ४० अंशांना जवळजवळ निष्क्रिय असते. त्यांनी पात्र बाहेरून थंड ठेवत मायक्रोवेव्ह दिले, तेव्हा द्रावण थंड असतानाही एन्झाइम सक्रिय झाल्याचे त्यांचे म्हणणे आहे. हे निव्वळ उष्णतेने कसे समजावून घ्यायचे?

लहरी_अभ्यासक

हा आक्षेप वजनदार आहे आणि तो झटकून टाकू नये. तरी त्याकडे पाहताना तापमान मोजण्याचा प्रश्न समोर ठेवावा लागतो, कारण या क्षेत्रातील बहुतेक वाद शेवटी तेथेच येऊन थांबतात.

बहुसंख्य उपकरणांत अवरक्त संवेदक पात्राच्या बाहेरच्या पृष्ठभागाचे तापमान वाचतो. मायक्रोवेव्हने तापवताना आतला द्रव भिंतीपेक्षा अधिक तापलेला असतो, म्हणून वाचन कमी येते. त्यात पात्रावर थंड हवेचा झोत सोडला तर संवेदक प्रामुख्याने त्या झोताचाच परिणाम वाचतो. आतील तापमानाशी फरक कित्येक अंशांचा, प्रसंगी त्याहूनही मोठा पडू शकतो. ढवळणे नीट नसेल, द्रावण घट्ट असेल किंवा घन पदार्थ तळाशी बसला असेल, तर आतही एका कोपऱ्याचे तापमान दुसऱ्याशी जुळत नाही. म्हणून प्रकाशीय तंतूचा संवेदक द्रावणात बुडवणे हा मान्य मार्ग आहे. धातूचे थर्मोकपल क्षेत्रात विकृती आणते. सदर निबंधातील थंड करण्याची पद्धत आणि मापन कोणते होते, हे प्रथम वाचावे, आणि मगच निष्कर्षाचे वजन ठरवावे.

२००९ मध्ये काप्पे यांच्या गटाने एक चतुर युक्ती वापरली. त्यांनी काचेच्या नळीसारखीच, त्याच मापाची नळी सिलिकॉन कार्बाइडची बनवली. हा पदार्थ मायक्रोवेव्ह स्वतःच शोषून घेतो, त्यामुळे आतल्या द्रावणापर्यंत क्षेत्र जवळजवळ पोहोचत नाही, मात्र नळी तापून उष्णता आत जाते. यंत्र तेच, वेळ तीच, तापमानाचा आलेख तोच. फरक फक्त क्षेत्राचा. तपासलेल्या अभिक्रियांत काचेच्या आणि कार्बाइडच्या नळीतील निकाल जुळले.

वाद एवढ्यावर पूर्णपणे मिटला असे मात्र नाही. अमेरिकेतील डडली आणि स्टीगमन यांनी असे मांडले की मिश्रणातील एखादा घटक इतरांपेक्षा बराच अधिक शोषत असेल, तर त्याच्या भोवती स्थानिक तापमान सरासरीहून वर राहू शकते. हाही औष्णिक परिणामच आहे, पण सरासरी तापमानमापकाला न दिसणारा. घन उत्प्रेरकांच्या कणांबाबत ही शक्यता सर्वमान्य आहे. एकजिनसी पाण्यात विरघळलेल्या प्रथिनाबाबत ती मला पटत नाही, कारण भोवतालचे पाणी स्वतःच शोषक आहे आणि नॅनोमीटरच्या अंतरावरील तापमानाचा फरक नॅनोसेकंदांच्या आतच विरून जातो. हे माझे मत आहे, अंतिम निर्णय नव्हे.

ऊतीरंजक

या चर्चेत विकृतिशास्त्रातील एक अनुभव उपयोगी पडेल.

ऊती फॉर्मलिनमध्ये जतन केल्या की प्रथिनांमध्ये मेथिलीनचे पूल तयार होतात आणि प्रतिद्रव्याला आपली जागा सापडत नाही. १९९१ मध्ये शी, की आणि कालरा यांनी अशा छेदांना द्रावणात बुडवून मायक्रोवेव्हमध्ये उकळवल्यास प्रतिजन (प्रतिद्रव्य जेथे चिकटते ते रेणू) पुन्हा ओळखू येतात, असे दाखवले. १९४० च्या दशकातील फ्रेंकेल-कॉनराट यांच्या जुन्या रसायनशास्त्रीय कामातून, तीव्र उष्णतेने हे पूल सुटतात, हे सूत्र त्यांना मिळाले होते. प्रतिरक्षा-रंजनात या निबंधाने क्रांती केली.

त्यानंतर काय झाले ते येथे महत्त्वाचे आहे. काही वर्षांतच प्रेशर कुकर, ऑटोक्लेव्ह, वाफेचे पात्र आणि साधे ९५ अंशांचे जलकुंड या सगळ्यांनी तेच काम होते, असे दिसून आले. निकाल ठरवणाऱ्या गोष्टी तीन निघाल्या: तापमान, वेळ आणि बफरचा पीएच. सिट्रेटचा ६.० पीएच आणि क्षारधर्मी ९.० पीएच यांत जेवढा फरक पडतो, तेवढा तापवण्याच्या साधनांत पडत नाही. आज अनेक विभागांत मायक्रोवेव्ह बाजूला पडला आहे, कारण ओव्हनमधील एका कोपऱ्यातील काचपट्टी आणि दुसऱ्या कोपऱ्यातील काचपट्टी यांचे रंजन सारखे येत नसे.

शंकेखोर

म्हणजे ज्या पद्धतीचा शोध मायक्रोवेव्हने लागला, तिला मायक्रोवेव्हची गरज नव्हती. दखल घेण्याजोगे आहे.

क्षणजीवी_समस्थानिक

वेळ ही केवळ सोय नसून खरी मर्यादा आहे, असे एक क्षेत्र येथे सुटले आहे. पॉझिट्रॉन प्रतिमांकनासाठी (पेट स्कॅनसाठी) लागणाऱ्या चिन्हांकित औषधांत फ्लुओरीन-१८ चा अर्धायुकाल सुमारे ११० मिनिटे आणि कार्बन-११ चा सुमारे २० मिनिटे असतो. कार्बन-११ जोडण्याची अभिक्रिया वीस मिनिटे चालली तर निम्मी किरणोत्सारिता वाटेतच संपते. तीच दोन मिनिटांत झाली तर नव्वद टक्क्यांहून अधिक हाती राहते. येथे परिणाम औष्णिक आहे की नाही या वादाने काही बिघडत नाही. मिनिटभरात तापणारे आणि तितक्याच लवकर थंड होणारे पात्र पुरेसे आहे.

प्रक्रिया_अभियंता

प्रयोगशाळेतील पाच मिलिलिटरवरून पाचशे लिटरवर जाण्याचा विषय निघालेला नाही, म्हणून थोडक्यात लिहितो.

२.४५ गिगाहर्ट्झच्या लहरींची शक्ती खोलीच्या तापमानाच्या पाण्यात दोनेक सेंटिमीटरवर घटून मूळच्या ३७ टक्क्यांवर येते. क्षारयुक्त बफरमध्ये हे अंतर आणखी कमी असते. तेव्हा मोठ्या टाकीच्या मध्यभागी क्षेत्र पोहोचतच नाही. कडेचा थर तापतो आणि आतला भाग ढवळण्यावर अवलंबून राहतो, म्हणजे आपण पुन्हा नेहमीच्या तापवण्यापाशी आलो. उद्योगात यावर दोन उपाय आहेत. एक, काही देशांत परवानगी असलेली ९१५ मेगाहर्ट्झची वारंवारता, जिची खोली कितीतरी अधिक असते. दुसरा, अरुंद नळीतून द्रव सतत वाहता ठेवणे.

आणखी एक विचित्र गोष्ट लक्षात ठेवावी. शुद्ध पाणी तापत जाते तशी त्याची २.४५ गिगाहर्ट्झवरील शोषणक्षमता घटते, पण क्षारयुक्त द्रावणात आयनांची हालचाल वाढल्यामुळे ती वाढत जाऊ शकते. शुद्ध पाण्यावर बेतलेला कार्यक्रम बफरला जशाच्या तसा लावला तर तापमान ठरवलेल्या मर्यादेच्या पुढे उडी मारते.

काष्ठजन्य कचऱ्यातील लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा घटक) सैल करून सेल्युलोज तोडणाऱ्या सेल्युलेज एन्झाइमांना वाट मोकळी करण्यासाठी अल्क आणि मायक्रोवेव्ह यांचा जोड वापरला जातो. प्रयोगशाळेत निकाल चांगले येतात. ऊर्जेच्या हिशेबाबाबत मात्र मी साशंक आहे, कारण मॅग्नेट्रॉन (लहरी निर्माण करणारा भाग) विजेपैकी साधारण ६० ते ६५ टक्केच सूक्ष्मलहरींत बदलतो, तर वाफ थेट देणारी भट्टी या पायरीतून जातच नाही. ‘कमी वेळ म्हणजे कमी ऊर्जा’ हे समीकरण ‘हरित रसायनशास्त्रा’च्या शीर्षकाखाली वारंवार छापले जाते आणि मोजमाप क्वचितच दिले जाते.

मोजमाप

घरगुती ओव्हनविषयी इशारा देणे भाग आहे. त्यात ‘५० टक्के शक्ती’ म्हणजे बहुधा पूर्ण शक्ती थोडा वेळ चालू आणि थोडा वेळ बंद. आत स्थिर लहरी तयार होऊन साधारण सहा-सहा सेंटिमीटरवर तप्त जागा पडतात. तापमान किंवा दाब यांवर नियंत्रण नसते आणि ज्वलनशील बाष्प ठिणगीपाशी पोहोचू शकते. म्हणून सेंद्रिय द्रावक किंवा घट्ट बंद पात्र त्यात कदापि ठेवू नये. अ‍ॅगारोज (डीएनए वेगळे करण्याच्या जेलचा पदार्थ) वितळवण्यापुरता तो ठीक आहे, पण तेथेही द्रव उत्कलनबिंदूच्या काही अंश वर शांत राहतो आणि फ्लास्क हलवताच उसळतो. झाकण सैल, हातमोजे जाड, आणि बाहेर काढण्यापूर्वी अर्धा मिनिट थांबणे. इथिडियम ब्रोमाइड (डीएनए दिसण्यासाठीचे रंजक) घालायचे असल्यास जेल थोडे निवल्यावरच घालावे.

अर्धवट_जैविक (धागाकर्ता)

चर्चेतून दिशा मिळाली. माझा प्रयोग असा आखावा असे वाटते: एकच प्रथिन-मिश्रण, ट्रिप्सिनचे एकच प्रमाण, ५० अंश, पंधरा मिनिटे, एकदा मायक्रोवेव्ह आणि एकदा आधीच तापवलेले जलकुंड. यात काही राहून जाते आहे का? आणि ३७ अंशांची रात्रभराची कृती तिसरी बाजू म्हणून ठेवावी का?

प्रथिनमापक

आखणी योग्य आहे, काही भर घालतो. दोन्हीकडे पात्र, घनफळ आणि ढवळणे सारखे ठेवा, आणि तापमान दोन्हीकडे तंतू-संवेदकाने आतून नोंदवा. द्रावण ५० अंशांना पोहोचायला लागणारा वेळ दोन्हीकडे वेगळा असेल. जलकुंडातील नळी सावकाश चढत असेल तर ट्रिप्सिन द्रावण तापल्यानंतरच मिसळा, म्हणजे चढणीचा काळ हिशेबातून वगळला जाईल. पंधरा मिनिटांचा एकच बिंदू पुरेसा नाही, कारण तोवर दोन्हीकडचे पचन संपले असेल तर फरक असूनही दिसणार नाही. एक, दोन, पाच आणि दहा मिनिटांनाही नमुना काढून तात्काळ आम्ल घालून थांबवा. न कापलेल्या जागा राहिलेल्या पेप्टाइडांचे प्रमाण मोजा. केवळ किती प्रथिने ओळखली गेली हा आकडा फार ढोबळ आहे. ट्रिप्सिनविना एक कोरा नमुनाही दोन्हीकडे चालवा. निकाल लिहिताना ‘३०० वॅट, पंधरा मिनिटे’ असे लिहू नका, त्यावरून वाचकाला काहीच पुन्हा करून पाहता येत नाही; तापमानाचा आलेख द्या.

३७ अंशांची बाजू अवश्य ठेवा, परंतु तिचा स्तंभ वेगळा मांडा. ती बाजू तुमच्या प्रयोगशाळेने कृती बदलावी की नाही, याचे उत्तर देईल. मायक्रोवेव्हने काही केले की नाही, याचे उत्तर पहिल्या दोन बाजूंच्या तुलनेतूनच मिळेल.